चौकटवाली निशिगंधा

किसनराव फ्लेक्सच्या दुकानाची पायरी चढले तेव्हाच जानेफळच्या स्टँडवरच्या लोकांनी ओळखलं, की आज चौकटीवरून वाजणार. हातात पुतण्याची लग्नपत्रिका, अन् चेहरा रागानं लालबुंद.

"हे पाह्य," त्यांनी पत्रिका टेबलावर आपटली. "भाऊरावच्या नावाले जाड बॉर्डर, अन् माह्या नावाले बारीक! काऊन? मी काय त्या लग्नात फुकटचं जेवाले चाललो का?"

भाऊराव म्हणजे त्यांचेच थोरले भाऊ. टेबलामागे निशिगंधा बसली होती. अर्जुनरावांची धाकटी पोरगी, बी.ए. करून दुकानात पत्रिका अन् बॅनर बनवायला लागलेली. ती जागची उठली नाही की गडबडली नाही. "काका, बसा. पाणी घ्या," म्हणाली, अन् माऊस फिरवला. दोघांच्या चौकटीच्या कडा सारख्या जाड केल्या, अन् किसनरावांच्या चौकटीचे कोपरे जरा जास्त गोल केले. "आता तुमची चौकट पूर्ण पत्रिकेत एकटी अशी हाय. दुसऱ्या कोनाचीच नाई."

किसनरावांनी चष्मा वर केला, खाली केला. "हां! आता कसं!" म्हणत ऐटीत उतरून गेले. भाऊराव काही भांडायला आले नाहीत. कोपऱ्याकडे बघायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

हसू नका. आमच्याकडे चौकट म्हणजे पोरखेळ नाही. पत्रिकेवर, वाढदिवसाच्या बॅनरवर, निवडणुकीच्या फ्लेक्सवर माणसाचा मान त्याच्या चौकटीवरून ठरतो. मामाला सोनेरी कड, काकाला दुहेरी, सरपंचाला सोनेरी, दुहेरी अन् मागून सावलीसुद्धा. अन् कुठं हातभर जागा कोरी राहिली, की गिऱ्हाईक विचारणारच, "हे रिकामं काऊन सोडलं? इथं दोन जावाई बसतात ना!" या सगळ्यातून निशिगंधाचा हात असा काही तयार झाला, की लोक दुकानाचं नाव विसरले अन् म्हणायला लागले, चौकटवालीकडं जा. ज्याचा मान मोठा त्याची चौकट भारी, हा तिचा कायदा होता, अन् तो जानेफळात कधी चुकला नाही.

मग एक दिवस तिला ते सॉफ्टवेअर दिसलं.

दुकानाच्या मालकाच्या भाच्यानं कॉम्प्युटरवर टाकून ठेवलं होतं, मोबाईलच्या ॲपचे पडदे, म्हणजे स्क्रीन, बनवायचं. मधे कोरी जागा, उजव्या बाजूला एक पट्टी. कोऱ्या जागेत चौकोन काढला की त्याची सगळी कुंडली पट्टीवर उघडते. आतला रंग कोणता, कड किती जाड, कोपरे किती गोल, सावली कुठल्या बाजूला पडते, अक्षरांच्या भोवती आत किती जागा, बाहेर किती. इथपर्यंत तिला सगळं ओळखीचंच होतं. पण त्या चौकोनाला एकापेक्षा जास्त रूपं देता येत होती. साधा असताना एक, बोट ठेवल्यावर दुसरं, काम झाल्यावर तिसरं. फ्लेक्स छापला की मेला, तो पुढं काही करत नाही. हा तर बोट लागताच बदलत होता!

"माय वं, हे तं जित्तं हाय," ती एकटीच पुटपुटली, अन् त्या दिवशी दोन बॅनर उशिरा गेले.

तिनं मग ऑनलाइन क्लास केला, घरी बसून पडद्यांवर पडदे बनवले, अन् बुलढाण्याला भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या एका कंपनीत जागा निघाली तशी जाऊन ते दाखवले. कंपनीचं कामकाज बघणारे राजकुमार सर. त्यांना एक ॲप काढायचं होतं. शेतकऱ्यानं घरून सांगायचं, आज माझ्याकडं वांगी आहेत, टमाटे आहेत, अन् कंपनीची गाडी बांधावर येऊन माल नेणार. कोड लिहिणारा पोरगा त्यांच्याकडे होता, पडदे बनवणारं कोणी नव्हतं. निशिगंधाला घेतलं, पण सांगून ठेवलं, "ॲप चाललं तं तुम्ही पक्क्या. नाई चाललं तं मग पाहू."

घरी अर्जुनरावांना हे सांगितलं तेव्हा ते भेंडी तोडत होते. "म्हंजे तू मोबाईलच्या आतलं बनवशीन?"

"हाव, बाबा."

बस्स. संध्याकाळपर्यंत सगळ्या जानेफळाला ठाऊक झालं, की अर्जुनरावांची पोरगी मोबाईलच्या आतलं बनवते. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, दाढी करताना न्हाव्यासमोर, अर्जुनराव तेच सांगत सुटले. निशिगंधाला लाजही वाटे अन् बरंही वाटे. एक मात्र तिनं मनाशी पक्कं केलं होतं, की आता या बापाला मान खाली घालायला लावायची नाही. दुकानात परत जायची तिला लाज नव्हती. पण तो बोट लागताच बदलणारा चौकोन तिला मनापासून आवडला होता, अन् तो हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

ॲपचा सगळा जीव एका चौकोनात होता, 'गाडी बोलवा'. बाकी भाव, तारीख, हवामान हे सगळं पाहण्यापुरतं. तो एक चौकोन दाबला तर गाडी, नाहीतर माल बांधावरच. मग एवढ्या मोठ्या चौकोनाचा मान काय राखावा? निशिगंधानं काही कसर सोडली नाही. सोनेरी दुहेरी कड दिली. कोपरे छान गोल केले. आत केशरी रंग वरून खाली फिका होत जाणारा, मागं सावली, अन् वरच्या दोन कोपऱ्यांत बारीकशी नक्षी. आजूबाजूची रिकामी जागा भावाच्या अन् हवामानाच्या चौकोनांनी गच्च भरून टाकली.

राजकुमार सर मागं उभे राहून बघतच राहिले. "वा! काय भारी दिसून राह्यलं हो! एकदम पत्रिकेवानी."

"थँक्यू सर," ती म्हणाली. बिचारीला ती शाबासकी वाटली.

पहिली चाचणी सोनाळ्याला होती. गुरुवारी सकाळी राजूर घाट उतरून सगळे गेले. समाजमंदिरात भाजीवाल्या बाया अन् माणसं जमली होती. पुढं अन्नपूर्णाबाई, वांग्याचं मोठं रान कसणारी, बोलायला फटकळ अन् मनानं साफ. व्हॉट्सॲपवर ती नातवाला रोज सकाळी फूल पाठवत असे, म्हणजे मोबाईल तिला काही नवा नव्हता. सरांनी तिच्या हातात फोन दिला. "मावशी, समजा तुमच्या घरी वांगे तोडून ठेवले हायेत. आता गाडी बोलवा."

अन्नपूर्णाबाईनं पडदा वर सरकवला, खाली सरकवला. भाव वाचला. हवामान वाचलं. तारीख वाचली. कोपऱ्यातलं कंपनीचं नाव दाबून पाहिलं. मग फोन परत दिला. "नाई बाप्पा. याच्यात गाडीचं काई दिसत नाई."

अन् 'गाडी बोलवा' तर मधोमध, सोन्यासारखा झळकत होता!

दुसऱ्यानं घेतला. त्यानंही सगळं वाचलं, तेवढा चौकोन सोडून. तिसरी, चौथा, सगळ्यांचं तेच. बोट त्या चौकोनाच्या वरून जाई, खालून जाई, पण त्याच्यावर काही टेकेना. निशिगंधाच्या तोंडचं पाणी पळालं. 'अहो हे काय, इथं आहे ना' असं ओरडावंसं वाटत होतं, पण सरांनी आधीच बजावलं होतं, मधे बोलायचं नाही.

जीप परत निघाली. बुलढाण्यात उतरल्यावर सर म्हणाले, "पाहा मॅडम, पुढच्या गुरुवारी परत सोनाळ्याले जाऊ. तेव्हा नाई जमलं तं हे काम मी पुण्याच्या लोकायले देतो. तुमच्यावर राग नाई माहा. पन लोकायचा माल सडून राह्यला."

यात काही खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला, "काय म्हनते तुहा मोबाईल?" ती म्हणाली, "मस्त बाबा." अन् फोन ठेवून उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी रागारागानं कामाला बसली. दिसत नाही काय? बरं! कड आणखी जाड केली, सोनं आणखी पिवळं केलं, सावली आणखी गडद केली. चौकोन निम्मा पडदा खाऊन बसला. स्वतःच्याच फोनवर टाकून बघितला, तर त्यात एक फोटो अन् हात जोडलेले लावले की झाला असता नगरसेवक. तरी तिच्या डोक्यात उजेड पडला नाही. डोकं चालेनासं झालं तेव्हा तिनं सरांना सांगितलं, "मी सोनाळ्याले जाऊन येते," अन् एसटी पकडली.

अन्नपूर्णाबाई वांग्याच्या वावरात होती. "अव, तू तं त्या दिवशीची पोट्टी! ये, बस. भाकर खाय आंधी."

भाकर, ठेचा अन् कांदा झाल्यावर निशिगंधानं फोन पुढं केला. "मावशी, खरं सांगा. मले वाईट नाई वाटनार. हे एवढं मोठं 'गाडी बोलवा' लिहेल हाय, ते तुम्ही काऊन नाई दाबलं?"

अन्नपूर्णाबाईनं फोन दूर धरला, जवळ धरला. "कुठं लिहेल हाय? अव माय! हाव की! मी ते वाचलंच नाई."

"पन काऊन?"

"मले वाटलं शुभेच्छुक असन कोनी."

"काय?"

"शुभेच्छुक वं! सोनेरी चौकटीत काय असते? कोन्या भाऊचा वाढदिवस, नाईतं कोन्या काकाचं नाव. स्टँडवर एवढे लटकून राह्यले, वाचते का कोनी? ते त्यायच्या त्यायले वाचाले असते. आपुन खालची तारीख पाह्यतो अन् पुढं जातो." तिनं पुन्हा फोनकडं पाहिलं. "अन् हे तं तू मागच्यापेक्षा मोठं केलं. मले वाटलं, कोनी उभं राह्यलं काय निवडनुकीले?"

निशिगंधाला असं हसू फुटलं, की पोटात कळ आली अन् डोळ्यांत पाणी आलं. अगं बाई गं! किती वर्षं तिनं किसनरावांच्या अन् भाऊरावांच्या चौकटी सजवल्या, कडा मोजल्या, कोपरे घासले, अन् सगळ्या जिल्ह्यानं तिच्याचसारख्यांच्या हातून एकच धडा घेतला होता, की सोनेरी चौकट दिसली की डोळे पुढं न्यायचे. अन् तीच शहाणी ॲपचा जीव त्या चौकटीत घालून बसली होती!

"काय झालं व? काऊन हासून राह्यली?" अन्नपूर्णाबाई घाबरली.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून हाक आली, "लाईन आली व!" अन् वीज आहे तोवर पाणी द्यायला अन्नपूर्णाबाई ताडकन उठली. विहिरीजवळच्या खोपटात पंपाचा स्टार्टर होता. ती चालता चालता निशिगंधाशीच बोलत होती, मान मागं वळवलेली, अन् तशीच, न बघता, तिनं स्टार्टरवरचं हिरवं बटण दाबलं. मोटर घुर्र करून सुरू झाली. नळीतून पाणी आलं.

निशिगंधा त्या स्टार्टरसमोर जाऊन उभी राहिली. साधी पत्र्याची पेटी. तिच्यावर हिरवं बटण, लाल बटण. कड नाही, सोनं नाही, नक्षी नाही. भोवती नुसती मोकळी जागा. पण बटण पत्र्याच्या जरा वर उचललेलं, अन् दाबलं की आत जाणारं. कोणी आजवर विचारलं नाही, की एवढी जागा रिकामी काऊन सोडली.

"मावशी, परत दाबा ना."

"येडी झाली काय! मोटर चालू हाय."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून फोनमधेच चौकोन काढत होती. घाट कधी चढून झाला, तेही तिला कळलं नाही.

बुलढाण्याला येऊन तिनं पहिलं काम केलं, ते कड शून्यावर आणली. जिनं आयुष्यभर कडाच दिल्या, तिला ती पुसताना कोणाचा तरी अपमान करतोय असं वाटलं. सोनं गेलं. नक्षी गेली. केशरी गेला. आत एकच हिरवा रंग भरला, स्टार्टरचा. खालच्या बाजूला तेवढी गडद सावली ठेवली, म्हणजे चौकोन पडद्यावरून उचलल्यासारखा दिसेल. अक्षरांभोवती आत ऐसपैस जागा सोडली, मातीनं भरलेला अंगठासुद्धा चुकू नये म्हणून. मग बोट ठेवल्यावरचं रूप. सावली नाहीशी, चौकोन जरासा खाली, रंग थोडा गडद. बोट उचललं की तो राखाडी होऊन म्हणणार, 'गाडी निघाली'.

सगळ्यात अवघड होतं आजूबाजूचं रिकामं ठेवणं. तिथं भाव टाकू का, तारीख टाकू का, असं तिचा हात सारखा शिवशिवत होता. शेवटी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली अन् त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली.

राजकुमार सर आले. "अरे! हे काय? सगळं उतरवून टाकलं? अन् एवढी जागा रिकामी काऊन? मी तं म्हनत होतो, वरतं संचालक मंडळाचे फोटो टाकू. प्रत्येकाले एक छोटी चौकट..."

"सर," निशिगंधा म्हणाली, "चौकट टाकली का संपलं. मले इचारा. मी जानेफळची चौकटवाली हाय." अन् मग अन्नपूर्णाबाईचं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं.

सर समोरच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हंजे माहा वाढदिवसाचा बॅनर पन कोनी वाचला नसन?"

निशिगंधानं घाईघाईनं माऊस फिरवला. माणसाचं मन राखावं लागतं.

"बरं, गुरुवारी पाहू," सर म्हणाले.

गुरुवारी सोनाळ्यात ऊन मी म्हणत होतं. या वेळी समाजमंदिर नाही, अन्नपूर्णाबाईच्या वावरातच सगळे जमले. वांगी खरीच तोडून ठेवली होती. गाडी गावाच्या वेशीवर उभी होती, रवी ड्रायव्हर फोन हातात घेऊन बसलेला. आज जमलं तर निशिगंधाची खुर्ची, नाही तर पुणं.

सरांनी फोन दिला. अन्नपूर्णाबाईनं तो मातीच्या हातात धरला अन् जावेकडं वळून म्हणाली, "अव, ते क्यारेट सावलीत ठिव ना, वांगे सुकतीन!" अन् बोलता बोलता, मान वळवलेलीच, अंगठ्यानं हिरवा चौकोन दाबला. चौकोन खाली गेला. वर आला. राखाडी झाला.

"हे घ्या, झालं," म्हणून तिनं फोन परत दिला. "आता काय करू?"

अन् मग वेशीकडून भोंगा वाजला. धूळ उडवत गाडी पांदीच्या वाटेनं आली अन् बांधाला लागली. रवीनं खिडकीतून मुंडकं काढलं, "अन्नपूर्णाबाई कोन? वांगे कुठं हायेत?"

मग काय विचारता! सगळ्यांना दाबून बघायचं होतं. "मले दे बे!" "थांब नं, माहा नंबर हाय!" एक म्हातारा तर दाबलेला चौकोन खाली जातो हे बघून एवढा खूश झाला, की गाडी नको असून पुन्हा पुन्हा दाबायला मागत होता. कोणीही चुकलं नाही. कोणीही विचारलं नाही, कुठं दाबू. निशिगंधा वांग्याच्या ओळीत उभी राहून रडत होती अन् हसत होती, अन् तिला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

"मॅडम," राजकुमार सर जवळ आले, "उद्यापासून त्या खुर्चीवर तुमचं नाव लावू. पन साध्या अक्षरात, हं! चौकट नको."

गोष्ट इथं संपली असती, पण जानेफळ ऐकतं होय?

पावसाळा सरता सरता कंपनीची गाडी मेहकरच्या बाजूला, म्हणजे जानेफळलाही, सुरू झाली अन् निशिगंधा सुट्टीला घरी आली. स्टँडवर उतरते तर समोर केवढा थोरला फ्लेक्स! 'जानेफळची कन्या निशिगंधा हिचे हार्दिक अभिनंदन.' तिचा फोटो सोनेरी दुहेरी चौकटीत. खाली शुभेच्छुकांच्या गोल कोपऱ्यांच्या चौकटी, अन् सगळ्यात भारी चौकट किसनरावांची. कुठं बोटभर जागा कोरी सोडली नव्हती. लोक त्याच्याखालून येत होते, जात होते, अन् वर एकही जण बघत नव्हता. निशिगंधाला हसू आवरेना.

गर्दी होती ती टपरीजवळ. तिथं मधे अर्जुनराव उभे, हातात मोबाईल. "पाहा," ते सांगत होते, "हे हिरवं. हे माह्या पोरीनं बनवलं. याले कड नाई. काऊन नाई माहीत हाय का? बटनाले कड नसते. हे असं दाबायचं..."

अन् दाबलं.

"बाबा!" निशिगंधा ओरडली. "खरी गाडी येते ना!"

"मंग? खोटी येते काय?"

"पन माल कुठं हाय?"

अर्जुनरावांचा चेहरा खर्रकन उतरला. भेंडी कालच तोडून झाली होती. पडद्यावर राखाडी चौकोन शांतपणे म्हणत होता, 'गाडी निघाली'. अर्जुनराव एकदा फोनकडे बघत, एकदा पोरीकडे. तेव्हा किसनराव गर्दीतून पुढं आले. "काय घाबरता बे! माह्या वावरात मेथी उभी हाय. चला रे!" भाऊराव म्हणाले, "माहे दोडके घ्या." कोणी कोथिंबीर उपटायला पळालं, कोणी मिरच्या तोडायला. रवी गाडी घेऊन आला तेव्हा स्टँडवर, त्या फ्लेक्सच्या बरोबर खाली, भाजीच्या जुड्यांचा अन् टोपल्यांचा ढीग लागला होता.

"अर्जुनराव कोन?" रवीनं विचारलं.

"मी," अर्जुनराव छाती काढून म्हणाले. "अन् हे माही पोरगी."

गाडी गच्च भरून गेली. अर्जुनरावांनी फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला, अन् त्या हिरव्या चौकोनावरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसली.